जुन्या जीन्सचा कोट शिवतेय, जाड शिवणीवर सुया मोडतायत (कोकणात कोट कशाला, हे कृपया विचारू नका)

सर्जेकोटची

नमस्कार मंडळी. प्रश्न शिवणाचाच आहे, पण आधी थोडी पार्श्वभूमी.

आमच्याकडे गणपतीला आणि मे महिन्यात मुंबईहून चाकरमानी येतात. जाताना आंबे, सोलं, कुळथाचं पीठ घेऊन जातात आणि मागे जीन्स ठेवून जातात. "तुम्हाला कामाला घालायला होतील" म्हणून. अहो, मालवणात कामाला जीन्स घालतंय कोण? पावसात एकदा भिजली की चार दिवस चुलीमागच्या दांडीवर लोंबकळते आणि वाळते तेव्हा तिला भाजलेल्या बांगड्याचा वास असतो. पेटीत ठेवावी तर बुरशी. या दिवाळीला पेटी उपसली, मोजल्या तर ११ निघाल्या.

माझा धाकटा भाऊ ट्रॉलरवर खलाशी आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे मतलई वारा (जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा) सुटला की समुद्रात चांगलंच गारठायला होतं. हा बाबा दोन टीशर्ट आणि वर आईची शाल गुंडाळून जातो. म्हटलं, याला कोट शिवूया. विकतचा नको, घरचाच.

मशीन आईचं काळं पायमशीन, तिच्या लग्नातलं. माझा हात ब्लाऊज, परकर, शाळेचे गणवेश यावर बसलेला. कोट पहिलाच.

आतापर्यंत केलेलं: ताणल्या जाणाऱ्या ३ जीन्स बाजूला काढल्या. दोन मांडीत इतक्या विरल्या होत्या की पलीकडचं दिसत होतं. उरलेल्यांतल्या ५ घेतल्या. मांड्यांमधली शिवण आधी ब्लेडने उसवत बसले. दोन संध्याकाळी गेल्या, अंगठा कापला, आणि झाला किती, तर अर्धा पाय. मग सरळ कात्री घेऊन ती शिवण दोन्ही बाजूंनी कापूनच टाकली. बाहेरची शिवण तशीच ठेवली. पाय असा उघडला की गुडघ्याशी साधारण १८ इंच रुंद तुकडा मिळतो. पाठीला दोन पाय मधोमध जोडून, पुढे डावी-उजवीकडे एकेक. भावाची छाती ३८, मी ४४ची बेतलीय, आत कपडे असणार म्हणून. लांबी गुडघ्यापर्यंत.

आणि इथे अडले. एका पायात एवढी लांबी मिळत नाही, म्हणून खांद्याखाली आडवा जोड दिला. तो जोड पाठीच्या मधल्या शिवणीला जिथे छेदतो तिथे पदर मोजले, आठ! १४ नंबरची सुई पहिल्याच टाक्याला गेली. बाजारातून १६ नंबर आणली, त्याही तीन मोडल्या. शेवटच्या सुईचं टोक उडून चष्म्याच्या काचेवर टचकन लागलं. चष्मा नसता तर आज हे लिहायला बसले नसते. सुई मोडत नाही तिथे टाके सुटतात.

तर सुई कोणती घेऊ? आणि अस्तराला आजीचं जुनं लुगडं आहे, गोधडीसाठी जपून ठेवलेलं. चालेल का?

पंखाफास्ट

कोट? कोकणात? आमच्या वेंगुर्ल्यात जानेवारीतही तीनवर पंखा असतो.

सर्जेकोटची

शीर्षक वाचायचं असतं हो.

उसवण

ताई, मुंबईत गारमेंटच्या कारखान्यात २२ वर्षं जीन्सच शिवल्या. आता कणकवलीला घरी असतो. तुमच्या सुईचा नंबर चुकला नाही, जात चुकली. दुकानात "जीन्सची सुई" म्हणून मागा, १६ किंवा १८. तिचं टोक जास्त अणकुचीदार आणि दांडा जाड असतो, वाकत नाही. साधी सुई कापडात शिरताना किंचित वाकते आणि खाली लोखंडी पट्टीवर आपटते, म्हणून मोडते. टाकेही त्यामुळेच सुटतात.

पण सुई बदलून अर्धंच काम होईल. आठ पदरांच्या जागी आधी हातोडीने ठोका. हसू नका, कारखान्यातही ठोकतात. खाली पाटा किंवा लाकडाचा ठोकळा, वर फडकं, आणि चार-पाच चांगले ठोके. पदर दबून निम्मे वाटायला लागतात. मग मेणबत्ती घासा त्या जागेवर. मशीनचा फूट (कापड दाबून धरणारी पट्टी) चढणीला लागला की तो मागे कलतो आणि टाका अडकतो. तेव्हा फुटाच्या मागच्या बाजूला जीन्सचाच एक तुकडा घडी करून सरकवा, फूट सपाट झाला पाहिजे. आणि तेवढे दहा टाके पाय चालवायचा नाही, चाक हाताने फिरवायचं. टाका मोठा ठेवा, इंचात सात-आठ. ब्लाऊजचा बारीक टाका इथे कापडाला भोकं पाडतो, बस.

शिवाय आठ पदर येऊच कशाला द्यायचे? प्रत्येक उभी शिवण आधी उघडून इस्त्री करा, दोन्ही काठ दोन बाजूंना पाडा, मगच आडवी टीप. चारच पदर राहतील.

बाह्या बेतल्या नसतील तर थांबा. पायाचा गुडघ्याखालचा भाग जसाच्या तसा बाही म्हणून घ्या, खालची मूळ दुमड मनगटाशी. दुमड घालायचं काम वाचतं आणि दिसतंही झकास. फक्त वर मुंढ्याची गोलाई कापायची. कॉलरला कमरेचा पट्टा वापरा, पण सरळ पट्टा मानेला टोचतो. लो-वेस्ट जीन्सचा पट्टा मुळातच वळणदार असतो, तो घ्या.

लुगडं अंगात छान, बाहीत नको. सुती अस्तर आतल्या कपड्याला धरून ठेवतं, हात घालताना आतली बाही कोपरापर्यंत चढते. बाहीला गुळगुळीत पॉलिस्टरची साडी लावा.

दोरा पॉलिस्टरचाच. चेन लावणार असाल तर मोठ्या दातांची प्लास्टिकची. धातूची चेन खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत जाम होते. खिशांच्या कोपऱ्यावरच्या रिव्हेटही काढून टाका. त्या नुसत्या शोभेच्या नाहीत बरं का. नेव्हाडातला जेकब डेव्हिस म्हणून शिंपी होता, गिऱ्हाइकांचे खिसे फाटून परत यायचे म्हणून त्याने कोपऱ्यावर तांब्याची खिळी ठोकली. पुढे तो आणि लेव्ही स्ट्रॉस यांनी मिळून २० मे १८७३ ला पेटंट घेतलं. पण आता पुष्कळ जीन्सना नुसता मुलामा दिलेली खिळी असते, समुद्राकाठी गंज धरते आणि कापडाला तांबडा डाग पडतो. काढा, आणि त्या जागी आडवी दाट टीप मारा. हे विसरू नका.

निळीचा_डाग

मस्त धागा. भर घालते. डुंगरी (dungaree, जीन्ससारखं जाड कापड) हा शब्द आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून इंग्रजीत गेला. तिथलं जाडंभरडं सुती कापड जहाजांवरून बाहेर जायचं. म्हणजे तुम्ही माल घरी परत आणताय. जपानमध्ये कोळी लोक निळीत रंगवलेल्या सुती कापडाचे पदर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवलेला कोट घालून समुद्रावर जात, त्याला दोंझा म्हणतात. सरळ आपली गोधडीच, फक्त बाह्या असलेली. तुमच्या पाठीवर तसा धावदोरा घाला ना पांढऱ्या दोऱ्याने!

तांडेलकी_सोडली

बाय, रागावू नकोस. एवढ्या हौसेने शिवतेस, म्हणून दोन दिवस लिहू की नको करत होतो. ३० वर्षं समुद्रात काढली, शेवटची १२ तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख म्हणून.

हा कोट भावाला बोटीवर घालायला देऊ नकोस.

सुती कापड पाणी पितं. पहिली लाट अंगावर आली की तो कोट गरम करायचा राहिला, उलट थंड करणार, कारण ओल्या कापडावर वारा लागतो. आणि माणूस पाण्यात पडला तर पोहताना हात उचलत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे बोटीवर परत चढताना कापडातलं सगळं पाणी अंगावर वजन होऊन येतं. बरोबरच्यांनी वर ओढलं तरी ओढवत नाही. हे मी पाहिलंय, जास्त लिहीत नाही.

दुसरं, बटणं. जाळं सोडताना बटणात जाळ्याची आस (भोक) अडकली की जाळ्याबरोबर माणूस जातो. सैल बाही विंचच्या (जाळं ओढायच्या यंत्राच्या) दोराजवळ तशीच. म्हणून आमच्यात जुनी माणसं बटणाचा सदरा बोटीवर घालत नसत.

जपानी कोळ्यांचं ठीक आहे, त्यांच्याकडे त्या काळी दुसरं होतं काय? भावाला आत पातळ लोकरीचा स्वेटर घे, लोकर ओली झाली तरी थोडी ऊब ठेवते. वर पाणी न शिरणारं, अंगासरशी, चेनचं जाकीट. आणि सगळ्यावर लाइफ जॅकेट, ते उशाला घेऊन झोपतात आमची पोरं.

सर्जेकोटची

दादा, वाचून पोटात गोळा आला. राग कसला.

त्याच रात्री झोप लागेना म्हणून उठले आणि कोट बादलीत घातला. अजून अस्तर नव्हतं, नुसतं अंग आणि बाह्या. आधी आईच्या मासळीच्या काट्यावर कोरडा तोलला: १ किलो ४५० ग्रॅम. मग अर्धा तास बादलीत. बाहेर काढून ठिबकणं थांबेपर्यंत माडाला टांगला. परत तोलला: ३ किलो १०० ग्रॅम. काट्याच्या पाटीत तो असा पडला होता, मला एकदम दुसरंच काहीतरी दिसलं. लगेच उचलला.

भावाला सांगितलं. तो म्हणतो, "गो ताये, मी तां चिलखत घालूचंय नव्हतंय, तुका बरां वाटूक हां म्हणत होतंय." आता बोला. महिनाभर मापं देत होता गप्प उभा राहून.

स्वेटरचे पैसे दिलेत त्याला. कोट अर्धवट पडलाय. दिवसभर उन्हात होता तरी आठ पदरांची जागा तिसऱ्या दिवशी हाताला ओलसर लागत होती.

उसवण

तांडेलदादांना नमस्कार. आम्ही आयुष्यभर शिवलं, घालून कोण कुठे जाणार हे कधी विचारलं नाही.

ताई, कोट टाकू नका. घरात पहाटे बाहेर पडणारं दुसरं कोणी नाही का? जमिनीवरून?

सर्जेकोटची

तीन आठवड्यांनी लिहितेय, कोट झाला.

उसवणदादा, तुमचा प्रश्न मी मोठ्याने वाचला आणि आई चुलीपाशी होती, ती म्हणाली, "माका दी तो." आई मासळी घेऊन पहाटे टेम्पोच्या हौद्यात बसून कणकवलीला जाते. पुढे ड्रायव्हरशेजारी जागा नसते, मागे बर्फाचे क्रेट आणि चार बायका. कसालच्या पुढे वारा कान कापतो म्हणते. इतकी वर्षं डोक्याला टॉवेल आणि अंगावर शाल (जी भाऊ पळवत होता). मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण कोट म्हटलं की डोळ्यासमोर भाऊच आला, आई आली नाही.

४४ची छाती तिला नऊवारीवरून बरोबर बसली. लांबी कमरेखाली चार बोटं ठेवून कापली, नाहीतर क्रेटवर बसताना कोट वर गोळा होतो. म्हणजे ज्या आडव्या जोडासाठी एवढ्या सुया मोडल्या, तो मुळात लागलाच नसता. असो. कापलेल्या भागातून खिसे निघाले.

जीन्सची १८ नंबर सुई कुडाळला मिळाली, पाकीट संपूर्ण शाबूत आहे. हातोडी ठोकायला लागले तर शेजारच्या काकी विचारायला आल्या, नारळ फोडताय का. कॉलर वळणदार पट्ट्याची केली, बसते छान, पण मानेशी घासते म्हणून आतून लुगड्याचा काठ लावला. आजीच्या लुगड्याचा तो हिरवा काठ कोट उघडला की दिसतो. आईने तिथे हात फिरवला आणि काही बोलली नाही, आणि आमची आई काही बोलली नाही असं सहसा होत नाही. बाहीला निसरडी साडी, तुमचं शंभर टक्के खरं. बटणं करवंटीची, घासून भोकं मी स्वतः पाडली, सहातली दोन फुटली. पाठीवर धावदोरा घातलाय पांढऱ्या दोऱ्याने, फक्त खांद्यावर, सगळीकडे घालायला धीर पुरला नाही.

अस्तरासकट वजन १ किलो ८०० ग्रॅम. लांबी कमी केली म्हणून एवढंच.

आता नवीन अडचण. रिव्हेट काढल्या, दाट टीप मारायची विसरले. आई उजव्या खिशात सुट्टे पैसे आणि पावकिलोचं वजन ठेवते. चौथ्याच दिवशी खिशाचा कोपरा तीन इंच खाली आलाय, कापडासकट फाटलाय.

उसवण

विसरू नका म्हणून लिहिलं होतं मी.

आतल्या बाजूने दीड इंच रुंद पट्टी लावा, फाटलेल्या जागेच्या बरीच वरपर्यंत. मग कोपऱ्यावर अर्ध्या इंचात पाच-सहा वेळा मागेपुढे टीप. आणि आईंना सांगा, वजन पाटीत ठेवा.

सर्जेकोटची

पट्टी लावते. वजनाचं तुम्हीच येऊन सांगा.