मोसंबीचा ताण तुटतोय, कोणता बहार धरू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आमची जालना जिल्ह्यात मोसंबीची बाग आहे, भारी काळी जमीन, विहीर आणि ड्रीप. आंबे बहारासाठी (जानेवारी-फेब्रुवारीची फुलं) डिसेंबरात पाणी तोडून झाडांना ताण दिला की पानं पिवळी पडायला लागतात अन् नेमका अवकाळी येतो, ताण तुटतो, फुलं कमी अन् नवती (नवी पालवी) जास्त. मृग बहार (उन्हाळ्यात ताण, जून-जुलैत फुलं) धरावा तर २०२५ ला मे मध्येच पाऊस, मग सप्टेंबरची अतिवृष्टी, फळगळ झाली अन् खोडाला डिंक्या (डिंक गळण्याचा रोग) लागला. बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावलीय. उलट २०१२-१३ च्या दुष्काळात इकडच्या बागा पाण्यावाचून वाळल्या, त्यामुळे आंबे बहार धरला तर उन्हाळ्यात विहीर पुरेल का ही धास्ती असतेच.
भारी जमिनीत ताण तुटल्यावर कोणी बहार वाचवलाय का? शेततळं करावं की आधी चर काढून निचरा सुधारावा? अनुभव असेल त्यांनी प्लीज सांगा, झाडं तोडायची अजिबात इच्छा नाही.