मदत हवी आहे: कॅल्शियम काढलं की हृदय थांबतं, मग पोटरीचा स्नायू का थांबत नाही?

हिरवा_चाफा:

नमस्कार मंडळी,

फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला आहे आणि फिजिऑलॉजीची व्हायवा तोंडावर आली आहे. आकुंचनाचं चक्र मला येतं, त्यामुळे कृपया नुसती आकृतीची लिंक देऊ नका. कॅल्शियम ट्रोपोनिन-सी या प्रथिनाला चिकटतं, झाकण घालणारं ट्रोपोमायोसिन ॲक्टिनच्या धाग्यावरून बाजूला सरकतं, मायोसिनच्या धाग्याचं डोकं ॲक्टिनला धरतं, फॉस्फेट सुटताना मान वाकवून त्याला ओढतं, नवा एटीपी (पेशीचं इंधन) येऊन बसला की सोडतं. एटीपी फुटला की डोकं पुन्हा ताठ. हातापायांत हेच आणि हृदयातही हेच.

अडतंय ते पुढे. बेडकाच्या प्रयोगांत (आमच्याकडे आता सगळे कॉम्प्युटरवरच होतात) हृदयाला कॅल्शियम नसलेलं रिंगर (क्षारांचं द्रावण) दिलं की आलेखातले ठोके बुटके बुटके होत थांबतात. आणि पुस्तकात पुढच्याच धड्यात लिहिलंय की सांगाड्याच्या (म्हणजे पोटरीसारख्या, हाडांना जोडलेल्या) स्नायूला आकुंचनासाठी बाहेरच्या कॅल्शियमची गरज नसते. ट्रोपोनिन दोघांकडे आहे, मग हा भेदभाव का?

दुसरं, माझ्या आजीला बीपीसाठी अम्लोडिपिन चालू आहे. ते कॅल्शियम चॅनल अडवतं म्हणे. तरी आजी दळणाचा डबा घेऊन दोन जिने चढते. तिच्या मांड्यांचे चॅनल अडत नाहीत का?

तिसऱ्याने तर डोकंच फिरलंय. रक्तातलं कॅल्शियम कमी झालं तर स्नायू ढिले पडायला हवेत ना? सरांनी व्हिडिओ दाखवला त्यात थायरॉइडच्या ऑपरेशननंतर कॅल्शियम उतरलेल्या पेशंटच्या दंडावर बीपीचा पट्टा फुगवला, तर हात मनगटात वाकून बोटं घट्ट जुळली. म्हणजे कॅल्शियम कमी आणि आकुंचन जास्त!

चहाबाज:

कॅल्शियम दोघांनाही लागतंच. कुठलं लागतं ते बघा, पेशीतलं की पेशीबाहेरचं. बाकी डॉक्टर मंडळी येतीलच, तोवर मी टपरीवर.

रात्रपाळी:

भूलतज्ज्ञ आहे, त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा. जरा लांब लिहितो.

पेशीच्या आत, विश्रांतीच्या वेळी, मोकळं कॅल्शियम साधारण 0.1 मायक्रोमोलर असतं. बाहेर त्याच्या दहा हजार पट. शिवाय पेशीच्या पोटात सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलम म्हणजे एसआर ही स्वतःची कोठी भरलेली असते. कोठीच्या दाराचं नाव रायनोडिन रिसेप्टर. टी-ट्यूब्यूलच्या (पेशीच्या पडद्याची आत गेलेली नळी) भिंतीत, त्या दाराच्या अगदी समोर, एल-टाइप कॅल्शियम चॅनल बसलेला असतो. त्यालाच पुस्तकात डीएचपी रिसेप्टर म्हणतात. दोघांच्या मध्ये 10-15 नॅनोमीटरची फट. इथपर्यंत दोन्ही स्नायू सारखे. दार कसं उघडतं, तिथे वाटा फुटतात.

सांगाड्याच्या स्नायूत डीएचपी रिसेप्टर आणि रायनोडिन रिसेप्टर (प्रकार 1) एकमेकांशी जोडलेले असतात. विद्युतलहर आली की डीएचपी रिसेप्टर आपला आकार बदलतो आणि त्या बदलानेच समोरचं दार ओढून उघडतो. त्यातून कॅल्शियम आत आलं काय, न आलं काय, काही बिघडत नाही. खरं तर तो चॅनल इतका मंद उघडतो की काही मिलिसेकंदांची लहर तोवर संपलेली असते. चॅनल म्हणून त्याचा इथे फारसा उपयोगच नाही, तो व्होल्टेज ओळखणारा शिपाई आहे.

हृदयात ही जोडणी नाही. तिथे लहर 200-300 मिलिसेकंद टिकते, एल-टाइप चॅनल खरोखर उघडतो, बाहेरून थोडं कॅल्शियम आत येतं आणि ते रायनोडिन रिसेप्टरला (प्रकार 2) चिकटल्यावर कोठी उघडते. कॅल्शियमनेच कॅल्शियम सोडवायचं. बाहेर कॅल्शियम नसेल तर ठिणगीच पडत नाही, कोठी भरलेली असली तरी.

1972 मध्ये आर्मस्ट्राँग आणि सहकाऱ्यांनी बेडकाच्या स्नायूचा एकेक तंतू ईजीटीएच्या द्रावणात ठेवला. ईजीटीए बाहेरचं कॅल्शियम जवळजवळ सगळं धरून ठेवतं. तंतू तरीही शॉकला उत्तर देत राहिला. व्हायवाला हा प्रयोग सांगा, परीक्षक खूश होतात.

आता आजी. अम्लोडिपिनचा मुख्य रोख रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या मृदू स्नायूंवर असतो, म्हणून बीपी उतरतं. हृदयाच्या जोरासाठी वेरापामिल या दुसऱ्या कॅल्शियम चॅनल अडवणाऱ्या औषधाचं उदाहरण घ्या: ते ठोक्याचा जोर खरोखर कमी करतं, पण पायांची ताकद घालवत नाही. कारण वर आलंच आहे. पायातल्या चॅनलमधून कॅल्शियम जाणं अडलं तरी शिपाई आपलं काम करतो.

उलट बाजूचं उदाहरण आमच्या खात्यातलं. काही लोकांच्या प्रकार 1 रायनोडिन रिसेप्टरमध्ये जन्मजात दोष असतो. हॅलोथेनसारखी वायूची भूल किंवा सक्सामेथोनियम (स्नायू सैल करणारं औषध) दिलं की दार उघडं ते उघडंच. स्नायू ताठ, ताप भराभर वर. त्यावर डँट्रोलीन देतात. ते प्रकार 1 चं दार लोटतं आणि हृदयाच्या पंपाला फारसा धक्का लावत नाही.

निवृत्त_मास्तर:

रात्रपाळी यांनी छान लिहिलंय. रिंगरचं नाव आलंच आहे तर त्याची गोष्ट सांगतो. लंडनमध्ये सिडनी रिंगर यांनी 1882 मध्ये बेडकाचं हृदय मिठाच्या द्रावणात चालवून दाखवलं. पुढे लक्षात आलं की ते द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याचं नव्हतंच, नळाच्या पाण्याचं होतं. शुद्ध पाणी वापरल्यावर हृदय थांबू लागलं. लंडनच्या नळाच्या पाण्यातला चुना सगळं काम करत होता! 1883 च्या लेखात त्यांनी ते कॅल्शियमच्या नावाने मांडलं. बाळ, आमच्या वेळी खरे बेडूक असायचे, पण तुमचं कॉम्प्युटरवरचं बरं. वास नाही.

हिरवा_चाफा:

बापरे, इतकं स्पष्ट कोणी सांगितलं नव्हतं. पण मग हृदयाने हा लांबचा रस्ता का धरला? थेट ओढायची सोय जास्त भरवशाची नाही का? आणि टेटनी, म्हणजे कॅल्शियम उतरल्यावर हात आखडण्याचा तो प्रकार, राहिलीच.

रात्रपाळी:

हाताच्या स्नायूला जोर वाढवायचा असेल तर मज्जासंस्था जास्त तंतू कामाला लावते, किंवा लहरी इतक्या भराभर पाठवते की झटके एकमेकांवर चढतात. एकेका लहरीला भरपूर कॅल्शियम सुटतं, तिथे काटकसर नाही. हृदयात या दोन्ही युक्त्या बंद. शेजारच्या पेशींना जोडणाऱ्या गॅप जंक्शनमुळे प्रत्येक पेशी प्रत्येक ठोक्याला कामावर असतेच, आणि लहर लांबल्यामुळे झटक्यावर झटका चढू शकत नाही. चढला असता तर रक्त भरायला वेळच उरला नसता. मग जोर वाढवायला एकच जागा उरते: दर ठोक्याला कॅल्शियम किती.

शांत बसलेल्या माणसाच्या हृदयात सगळे ट्रोपोनिन भरत नाहीत, बरीच जागा शिल्लक असते. ॲड्रेनलिन आलं की एल-टाइप चॅनल जास्त उघडतो. शिवाय फॉस्फोलॅम्बन नावाचा लगाम सुटतो, सर्का पंप कॅल्शियम कोठीत भराभर ओढतो, आणि पुढच्या ठोक्याला कोठी जास्त भरलेली मिळते. ठोका जोरात आणि सैल पडणंही लवकर. थेट ओढणीत ही बारीक फिरवाफिरव जमली नसती, असं माझं मत.

तितकंच महत्त्वाचं, आत आलेलं कॅल्शियम बाहेर घालवावं लागतं, नाहीतर पेशी भरत जाईल. ते काम मुख्यतः सोडियम-कॅल्शियम एक्स्चेंजर करतो: तीन सोडियम आत, एक कॅल्शियम बाहेर. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध सोडियम पंप अडवतं, आत सोडियम साचतं, एक्स्चेंजर मंदावतो, म्हणून जोर वाढतो. आपल्या अंगणातल्या बिट्टीच्या बिया खाऊन लोक दगावतात तेही याच वाटेने, म्हणून लहान मुलं असतील तर लक्ष ठेवा.

टेटनीचा दोष स्नायूकडे नाहीच, नर्व्हकडे आहे. बाहेरचं कॅल्शियम नर्व्हच्या सोडियम चॅनलना आवरून धरतं. ते उतरलं की चॅनल कमी व्होल्टेजला उघडतात, नर्व्ह उगाचच लहरी सोडत राहते आणि स्नायू बिचारा हुकूम पाळतो. त्याची कोठी तर भरलेलीच आहे!

खडूची_भुकटी:

फिजिऑलॉजी शिकवते, म्हणून दोन खोचक गोष्टी.

परीक्षक विचारतील, शॉक कुठे दिला? कॅल्शियम नसलेल्या रिंगरमध्ये शॉक नर्व्हवर दिला तर स्नायू हलणार नाही, कारण नर्व्हच्या टोकाला ॲसिटिलकोलिन (स्नायूला निरोप देणारं रसायन) सोडायला बाहेरचं कॅल्शियम लागतं. थेट स्नायूवर दिला तर हलेल. 'गरज नसते' हे वाक्य फक्त दुसऱ्या प्रसंगी खरं. टेटनीत मात्र कॅल्शियम इतकं खाली जात नाही की हा निरोपच बंद पडावा.

आणि रात्रपाळींचं वर्णन माणसाच्या हृदयाचं आहे. बेडकाच्या हृदयात टी-ट्यूब्यूल नसतात, एसआरही तुटपुंजं. तिथे बाहेरून आलेलं कॅल्शियम ठिणगी नसतं, जवळजवळ सगळा मालच ते असतं. म्हणून तुमचा आलेख इतका पटकन आडवा होतो. व्हायवाला आधी कुणाचं हृदय ते विचारून घ्या, मग बोला.