तापीकाठी नदीतल्या नावांचं (होड्यांचं) संग्रहालय उभं करायचंय, देणग्या आणि स्पॉन्सरशिप कशी मिळवायची? सल्ला हवा

तापीकाठचा
रामराम मंडळी. आमचं गाव शिरपूर-शिंदखेडा पट्ट्यात, तापीला अगदी लागून. पूल व्हायच्या आधी माणसं, बैल, कापूस, लग्नाची वऱ्हाडं सगळं नावेनं पलीकडं जायचं आणि ते काम गावातल्या भोई लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या केलं. आता ती शेवटची मोठी लाकडी नाव एका आजोबांच्या गोठ्यामागं पडून आहे. वल्ही आहेत, हातानं विणलेली सुती जाळी आहेत, जाळ्याला वजन म्हणून लावायचे भाजक्या मातीचे मणी आहेत. नाव वाळवीनं खाल्ली तर पुन्हा कोणी बांधू शकणार नाही, बांधणारे हातच राहिले नाहीत.

आम्हा काही पोरांच्या आणि दोन-तीन शिक्षकांच्या मनात आहे की गावाचं स्वतःचं संग्रहालय करायचं. मुलताईला उगम पावून ७२४ किलोमीटर वाहत सुरतेपाशी समुद्राला मिळणारी आख्खी तापी एका लांब भिंतीवर, मधे आपल्या भागाच्या नावा, मासे, पूर, घाट, आणि शेवटची खोली समुद्राची. कारण बुऱ्हाणपूरचं कापड आपल्याच खान्देशातून बैलांवर, गाड्यांवर सुरतेला जायचं आणि तिथून जहाजानं इराण-अरबस्तानात, हे आमच्या शाळेतल्या पोरांना माहितच नाही, समुद्र म्हणजे कोकणवाल्यांचा असं त्यांना वाटतं.

पैसा नाही. लोक म्हणतात आधी ट्रस्ट करा, कोणी म्हणतं कंपन्यांचा सीएसआर (नफ्यातला समाजकामासाठीचा पैसा) घ्या, कोणी म्हणतं पावतीपुस्तक छापा आणि सुरू करा. ज्यांनी असं काही उभं केलंय त्यांनी नीट सांगा, कुठून सुरुवात करू?

हिशेबनीस_धुळे
भाऊ, पहिलं हे की पावतीपुस्तक छापून लगेच गोळा करायला लागू नका. गणपती मंडळं वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१ क ची परवानगी घेतात ना, तोच कायदा तुम्हालाही आहे. कायमचं काम असेल तर सरळ सार्वजनिक न्यास (ट्रस्ट) नोंदवा, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली. मग न्यासाच्या नावाचं पॅन, बँक खातं, आणि क्यूआर कोड त्याच खात्याचा. कोणाच्या वैयक्तिक फोनपेवर एक रुपयासुद्धा घेऊ नका, उद्या भांडण तिथूनच लागतं.

मग आयकराचं १२ए (संस्थेला करसूट) आणि ८०जी (देणगी देणाऱ्याला करसूट). नव्या संस्थेला आधी तात्पुरती नोंदणी मिळते, नंतर नियमित करून घ्यावी लागते. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे त्यामुळं कलमांचे नंबर बदललेत, पण लोक अजून ८०जीच म्हणतात, सीएला तेच नाव सांगा. रोख देणगी २००० रुपयांच्या वर गेली की देणाऱ्याला सूट नाही. देणगीदाराचा पॅन पहिल्या दिवसापासून लिहून घ्या कारण वर्ष संपलं की ३१ मेच्या आत सगळ्यांची यादी आयकर खात्याला भरायची असते, उशीर झाला तर रोजचा २०० रुपये दंड.

आणि एक गोष्ट जी देणगी मागणारे विसरतात. पगारदार माणूस आता बहुतेक नव्या कररचनेत असतो, तिथं ८०जीची सूट मिळतच नाही. म्हणून "टॅक्स वाचेल" हे तुमचं पहिलं वाक्य ठेवू नका. नावेची गोष्ट सांगा, सूट ज्याला लागू आहे त्याला शेवटी सांगा.

तापीकाठचा
धन्यवाद काका, हे फार कामाचं. मग कंपन्यांचं कसं? सीएसआर मिळेल का आम्हाला?

हिशेबनीस_धुळे
लगेच नाही. ज्या कंपनीचा निव्वळ नफा किमान ५ कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा नेटवर्थ ५०० कोटी, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावा लागतो, आणि वारसा-कला-संस्कृतीचं जतन त्या यादीत बसतं. पण बाहेरच्या संस्थेमार्फत करायचं तर त्या संस्थेला किमान तीन वर्षांच्या कामाचा इतिहास लागतो आणि कंपनी मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणी लागते. तुमचा न्यास कालचा असणार. म्हणून एखादी जुनी शिक्षणसंस्था किंवा न्यास सोबत घ्या ज्याचं हे सगळं झालेलं आहे, त्यांच्यासोबत लेखी करार करा, कोणती वस्तू कोणाच्या मालकीची हे त्यात स्पष्ट लिहा.

अजून एक, देणगी आणि स्पॉन्सरशिप एकत्र करू नका. कंपनीनं स्वतःची जाहिरात व्हावी म्हणून दिलेला पैसा सीएसआरमध्ये धरला जात नाही. जीएसटीचंही तसंच. दालनाबाहेर "अमुक यांच्या देणगीतून" एवढीच कृतज्ञतेची पाटी असेल, धंद्याची जाहिरात नसेल, तर जीएसटी लागत नाही, २०१९ चं परिपत्रक आहे तसं. पण पाटीवर लोगो, दुकानाचा पत्ता, "आमच्याकडे योग्य दरात" असं आलं की ती जाहिरात झाली. दोन वेगळी कागदपत्रं, दोन वेगळ्या फायली.

चटईवाला_जळगाव
मी देणाऱ्यांच्या बाजूनं बोलतो, आमचा छोटा कारखाना आहे एमआयडीसीत. आमच्याकडं दर हप्त्याला कोणी ना कोणी पावती घेऊन येतं. आम्ही कोणाला देतो सांगू? ज्याच्याकडं एका कागदावर लिहिलेलं असतं की कशासाठी, किती, आणि कधी दाखवणार. "संग्रहालयासाठी मदत करा" म्हटलं की हजार रुपये देऊन माणूस मोकळा होतो. तेच "नावेला वाळवीचं औषध आणि वर शेड, एवढा खर्च, दिवाळीआधी पूर्ण, फोटो पाठवू" असं म्हटलं तर तोच माणूस आख्खी शेड देऊन टाकतो.

म्हणून संग्रहालयाचे तुकडे करा. नावेची शेड एकाची, नकाशाची भिंत दुसऱ्याची, जाळ्यांचं काचेचं कपाट तिसऱ्याचं, शाळेच्या पोरांच्या भेटीच्या बसचं डिझेल चौथ्याचं. जळगावात सराफ आहेत, दालमिलवाले आहेत, पाईपवाले आहेत, रावेरकडं केळीचे व्यापारी, तुमच्याकडं जिनिंगवाले. आणि वस्तू मागायला लाजू नका. पैशापेक्षा माल सुटतो लवकर. पत्रे, पाईप, रंग, ट्रॅक्टरची फेरी हे सगळं देणगीतच धरा, त्याची पण पावती द्या, किंमत लिहून.

थंडीत भरीत पार्टीची कुपनं काढा. वांगी गावातून मिळतील, पुऱ्या बायका करतील, नदीकाठी शेतात बसवा, जेवणाआधी आजोबांना ती नाव कशी चालवायचे ते सांगायला लावा. त्या दिवशी जी रक्कम जमेल ती जमेल पण त्या पंगतीतून तुमचे मोठे देणगीदार निघतील, हे मी पाहिलेलं आहे.

सुरतवासी_खान्देशी
भाऊ काम मोठं शे पन व्हई जाई! आम्ही उधन्याला राहतो, इथं लिंबायत-उधना भागात आपले खान्देशी लोक किती आहेत तुम्हाला माहित आहे. तुमच्या नदीचं दुसरं टोक आमच्याकडं आहे हे लक्षात घ्या. माझ्या लूमवरच्या (यंत्रमागावरच्या) पोरांना मी विचारलं, तापी कुठून येते, तर म्हणे उकाई धरणाहून. आपलं गाव त्याच पाण्यावर आहे हे सांगितल्यावर त्यांचे चेहरे बघायला पाहिजे होते.

मागायची वेळ नीट धरा. श्रावणात कानबाई देवीच्या सणाला सुरत, पुणे, मुंबई, नाशिक, जिथं असतील तिथून सगळे गावी येतात, रोट खायला भाऊबंद एकत्र बसतात. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी येतात. या दोन वेळा सोडू नका. पण कानबाईच्या आरतीत पावतीपुस्तक फिरवू नका, लोकांना ते आवडत नाही. दुसऱ्या दिवशी विसर्जनाहून परत आल्यावर नाव दाखवा, तिथंच टेबल मांडा.

परदेशातल्या पोरांचं एक विचारून घ्या. पासपोर्ट भारताचाच असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेनं पाठवत असेल तर चालतं, पण ज्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं त्याचा पैसा परदेशी देणगी धरला जातो, एफसीआरए (परदेशी देणगी कायद्याच्या) नोंदणीशिवाय घेता येत नाही. आमच्या ओळखीच्या एका मंडळाला त्यावरून पैसे परत करावे लागले.

तापीकाठचा
सुरतचं डोक्यातच आलं नव्हतं, नक्की येतो तिकडं. आता एक अडचण सांगतो. एक मोठे पुढारी म्हणताहेत की आख्खी इमारत मीच बांधून देतो, फक्त संग्रहालयाला आमच्या वडिलांचं नाव द्या आणि जागा मी सांगतो ती, एकदम घाटाला लागून. गावातले निम्मे लोक म्हणतात घेऊन टाका, एवढा पैसा पुन्हा कोण देणार.

मास्तर_निवृत्त
बाळा, इमारतीची घाई करू नको. आधी जागेचं. घाटाला लागून म्हणजे पूररेषेच्या आत असणार. हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडले की खाली काय होतं ते तुम्ही दरवर्षी पाहता. पाटबंधारे खात्याकडून निळी आणि लाल (त्याहून मोठ्या पुराची) पूररेषा बघून घे, निळ्या रेषेच्या आत बांधकाम करताच येत नाही, आणि केलं तरी तुमची नाव पुन्हा एकदा नदीतच जाईल. जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळांच्या खोल्या बऱ्याच गावांत रिकाम्या आहेत, ग्रामसभेचा ठराव करून त्यातली एखादी मागा. छप्पर नीट करून दोन खोल्यांत सुरू करा.

दुसरं म्हणजे बांधणारा भेटतो, चालवणारा भेटत नाही. विक्रांत जहाजाचं उदाहरण घे. १९७१ च्या युद्धातलं जहाज, १९९७ ला निवृत्त झालं, मुंबईत संग्रहालय म्हणून लोकांनी पाहिलं, २०१२ ला बंद झालं आणि २०१४ ला भंगारात गेलं. देशाच्या जहाजाचा सांभाळखर्च निघाला नाही तर आपल्या दोन खोल्यांचा आपोआप कसा निघेल? म्हणून जे पैसे येतील त्यातला ठरलेला हिस्सा पहिल्या दिवसापासून मुदत ठेवीत टाका आणि त्याला हात लावायचा नाही असं न्यासाच्या घटनेतच लिहा. वीजबिल, वाळवीचं औषध, दार उघडणाऱ्या माणसाचा पगार हे व्याजातून निघालं पाहिजे. मोठ्या देणगीदाराला इमारतीऐवजी हाच निधी सुचव. वडिलांच्या नावानं कायम ठेव, त्या ठेवीतून दरवर्षी शाळांच्या सहली. पुढाऱ्यांनाही ते पटेल, नीट बसून सांगितलं तर.

धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ बघून ये, इतिहासाचार्य राजवाडे गेल्यानंतर १९२७ साली लोकांनी उभं केलेलं आहे. जळगावचं गांधीतीर्थ, गांधीजींवरचं संग्रहालय, पण बघ. तिथलं मोठेपण नको बघू, वस्तूखाली मजकूर कसा लिहिलाय, पोरांना कसं फिरवतात ते बघ. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची संग्रहालयांसाठी अनुदान योजना आहे, त्यात न्यासांनाही अर्ज करता येतो, पण त्याला वस्तूंची नोंदवही लागते. नोंदवही आजच सुरू कर, पैसे नसले तरी.

भोईवाड्याची_लेक
सगळ्यांचं वाचलं, चांगलं सांगताय. मला एक वेगळं बोलायचंय. माझे आजोबा नाव चालवायचे, तुमच्या गावची नाही, शहादा-प्रकाशाकडची. त्यांना वर्षाला धान्य मिळायचं, पैसे नाहीत, आणि पुरात लोकांना काढताना जीव धोक्यात घालायचे. त्यांचं नाव कुठल्या पाटीवर नाही. आता तुम्ही पाटीवर शेड देणाऱ्याचं, कपाट देणाऱ्याचं नाव लावाल, ते लावा, पण नाव ज्यानं बांधली, जाळं ज्या बाईनं विणलं, त्यांची नावं त्याच अक्षरात, त्याच उंचीवर पाहिजेत. न्यासावर आमच्या समाजाची माणसं पाहिजेत, आणि नुसते सदस्य म्हणून नकोत, सही करणारे पाहिजेत.

आणि वस्तू घेताना कागद करा. बऱ्याचदा शहाणी माणसं येतात, म्हातारीकडून चांगलं जाळं घेऊन जातात आणि परत येत नाहीत. ही वस्तू कायमची दिली की उसनी दिली, परत मागितली तर मिळेल का, फोटो कुठं वापरणार, हे मराठीत, एका पानावर, वाचून दाखवून. अंगठा असेल तर दोन साक्षीदार. उसनी घ्या ना, काय हरकत आहे, सणाला नावेची पूजा करायची असेल तर आमच्या माणसांना ती करता आली पाहिजे.

लोक काहीबाही आणून देतील तेही सांगते. कासवाची पाठ, कातडी असलं काही घेऊ नका, वन्यजीव कायद्यात अडकाल. नदीपात्रात, जुन्या घाटाच्या मातीत नाणी सापडली म्हणून कोणी आणलं तर परस्पर कपाटात ठेवू नका, तहसीलदारामार्फत जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. प्रकाशाला १९५४-५५ मधे उत्खनन झालेलं आहे, आपल्या काठाच्या मातीत खूप काही आहे.

तापीकाठचा
ताई, तुमचं वाचून आज संध्याकाळी आम्ही आजोबांकडे गेलो. न्यासावर ते स्वतः आणि त्यांची सून असणार, सहीचे अधिकार तिला. आजोबा म्हणाले नाव देतो पण उसनी, तर तसंच करतो. पुढाऱ्यांना ठेवीचं सुचवायला मास्तर तुम्ही सोबत आलात तर फार बरं होईल, मी एकटा बोललो तर ऐकणार नाहीत. सध्या ठरवलंय ते असं: न्यासाची कागदपत्रं सुरू, नोंदवही सुरू, पहिला तुकडा फक्त नावेची शेड आणि वाळवीचं औषध. चटईवाले दादा, शेडचा एक कागद करून पाठवतो, बघून सांगाल का की तुम्ही देणारे असता तर काय विचारलं असतं?

चटईवाला_जळगाव
पाठव. आणि मापं लिही त्यात, नावेची लांबी-रुंदी. पत्रे किती लागतील ते मीच काढून देतो, आमच्या शेडचे उरलेले आहेत ते आधी घेऊन जा.

मास्तर_निवृत्त
येतो. पूररेषेचा नकाशा घेऊन येतो, तो समोर ठेवला की जागेचा विषय तिथंच मिटेल.

सुरतवासी_खान्देशी
इकडं कधी येताय तेवढं आधी कळवा, रविवार धरा, लूम बंद असतात. आणि आजोबांना घेऊन या, जमलं तर डुमसला नेऊ, तापी समुद्राला मिळते तिथं जवळच आहे.