नोंदी वाढल्या म्हणजे टीबी वाढला असं नाही

एकांनी लिहिलंय की निक्षय या टीबी रुग्णांच्या सरकारी पोर्टलवरच्या नोंदी वाढल्या, म्हणजे देशात टीबी वाढला. मला हे पटत नाही. २०१२पासून खासगी डॉक्टरांनाही प्रत्येक रुग्ण कळवणं बंधनकारक आहे. आधी जे मोजलेच जात नव्हते, ते आता मोजले जाताहेत.

खरा आकडा कळायला लोकांपर्यंत जावं लागतं. २०१९ ते २०२१च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात तेच केलं: १५ वर्षांवरच्यांना लक्षणं विचारली, छातीचा एक्स-रे काढला, संशय आला तर थुंकी तपासली. लाखामागे ३१६ जणांना फुप्फुसाचा टीबी निघाला. एक्स-रे नसता तर त्यातले जवळपास ४३ टक्के निसटले असते!

आणि लक्षणं असलेल्यांपैकी ६४ टक्के लोक उपचारासाठी कुठेच गेले नव्हते. आमची हडपसरची आत्या अशीच. तीन महिने आलं-मधाचं चाटण आणि ओव्याचा शेक. ब्लाउज ढगळ व्हायला लागले, तेव्हा कुठे थुंकीची डबी हातात आली. तोवर ती कुठल्याच नोंदीत नव्हती, पण रोज रात्री दोन्ही नातवंडं तिच्याच कुशीत झोपत होती.