मदत हवी आहे: तळ्यातली जलपर्णी काढली तरी परत येते

शिवार: गावच्या तळ्यातली जलपर्णी आम्ही पोरांनी उन्हाळ्यात हातानं ओढून काढली. पाऊस लागायच्या आत परत सगळं हिरवं. आता गणपतीआधी साफ करायचं आहे. बेळगावात मिळेल असं कुठलं औषध मारायचं ते सांगा. बांधावर देशी झाडंही लावायची आहेत, नर्सरीत परदेशी अकेशियाच देतात. लवकर सांगा, लोक कामाला तयार आहेत.

माळावरचा: गाव कुठलं? तळं केवढं? जनावरं पाणी पितात का?

शिवार: खानापूर तालुका. तळं मोठं आहे. जनावरं पितात.

रानवाटा: मग औषधाचा विचार सोडा. मेलेली जलपर्णी तिथंच कुजते, पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात. गावचं सांडपाणी तळ्यात येतं का, ते आधी सांगा.

माती_उपसा: एवढा विचार कशाला? जेसीबी लावा, गाळ काढा, तळं खोल करा. आमच्या गावात तसंच केलं.

रानवाटा: काठ उभा कापला की लव्हाळा, पाणकणीस सगळं जातं. पक्षी उथळ कडेलाच चरतात. आणि जलपर्णीचं बी गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं.

माती_उपसा: गाळ उपसला तर बी पण जाणार ना? आमच्या तळ्यात पाणी वाढलं, हे डोळ्यांनी बघितलंय.

बंगळूरवासी: नियोचेटिना भुंगे सोडा. १९८० च्या दशकात इथं बंगळूरच्या तलावांत सोडले होते. ते फक्त हीच वनस्पती खातात.

माळावरचा: भुंग्यांचा परिणाम दिसायला वर्षं जातात. त्यांना गणपतीआधी हवंय.

काठावरची: पावसाळ्यात सगळं एकदम ओढू नका! कमळपक्षी याच दिवसांत तरंगत्या पानांवर अंडी घालतात. एक कोपरा तसाच ठेवा, तो दिवाळीनंतर काढा.

भातशेती: असली तळी बुजली म्हणूनच बेळगाव बासमती संपत आला. वासाचा तांदूळ कुणाकडे असेल तर सांगा, बियाणं पाहिजे.

माळावरचा: बासमतीचं कारण तळी नाहीत, जमिनी प्लॉटात गेल्या. वेगळा धागा काढा.

शिवार: सांडपाणी येतंच की, दोन्ही गटारं तळ्यात सुटतात. पण मी विचारलंय जलपर्णीचं.

रानवाटा: अहो, गटारातल्या नत्र-स्फुरदावरच ती पोसली जाते. खायला मिळालं की दोनेक आठवड्यांत दुप्पट होते. गटारं वळवल्याशिवाय नुसती ओढून काय उपयोग? गटारं तोडा, किंवा तळ्याच्या आधी खड्डा करून त्यात पाणी जिरवा. काढलेली जलपर्णी काठावर टाकू नका, पावसात परत आत जाते. लांब नेऊन खत करा. मातीच्या बांधावर मोठी झाडं लावू नका, मुळांनी बांध पोखरतो, तिथं वाळा चालेल. करंज, जांभूळ, उंबर बांधापासून लांब लावा, ओलीला वाळुंज. बी गावातल्याच झाडांचं घ्या, नर्सरीवर अवलंबून राहू नका.

शिवार: गटारं वळवायचा खर्च पंचायत करते का?

माळावरचा: ग्रामसभेत ठराव घ्या, पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) लेखी द्या. पण तळं पंचायतीचं आहे की लघु पाटबंधारे खात्याचं? मासेमारीचा लिलाव होतो का?

शिवार: लिलाव होतो. मालकी कुणाची ते उद्या तलाठ्याकडे उताऱ्यावर बघतो.

माळावरचा: मग लिलाव घेणाऱ्यालाही ग्रामसभेला बोलवा. तो विरोधात गेला तर काम अडेल.