एसटीएम३२एल४७६ + फ्रीआरटीओएस: स्टॉप २ मध्ये झोपतो, पण वेळेवर उठत नाही

नोडवाला:
बॅटरीवर चालणारा सेन्सर नोड आहे. कंट्रोलर एसटीएम३२एल४७६, क्लॉक ८० मेगाहर्ट्झ (चिपमधल्या ४ मेगाहर्ट्झच्या एमएसआय ऑसिलेटरवरून पीएलएलने वाढवलेला), टिक (कर्नलच्या घड्याळाचा ठोका) १००० हर्ट्झ, एलएसई (३२७६८ हर्ट्झचा) क्रिस्टल बसवलेला आहे. फ्रीआरटीओएस या कर्नलमध्ये टिकलेस आयडल (काम नसताना टिक थांबवून झोपण्याची सोय) १ ठेवलंय आणि प्री-स्लीप मॅक्रोमधून एचएएलचं (एसटीच्या तयार लायब्ररीचं) 'एंटर स्टॉप २' हे गाढ झोपेत नेणारं फंक्शन बोलावतो. नुसत्या स्लीप मोडमध्ये सगळं सुरळीत चालतं. स्टॉप २ लावला की तीन भानगडी होतात.

१० सेकंदांचा टास्क डीले संपतच नाही, बटण दाबलं तरच कंट्रोलर जागा होतो. जागा झाल्यावर ११५२०० बॉडच्या यूएआरटीवर (सिरियल पोर्टवर) नुसता कचरा येतो. आणि करंट ४०० मायक्रोअँपच्या खाली जात नाही, डेटाशीट तर आरटीसीसकट (चिपमधल्या घड्याळासकट) १.४ मायक्रोअँप म्हणते. यात कर्नलचं काय आणि माझ्या बोर्डचं काय?

टिकतज्ज्ञ:
पहिल्या दोन तक्रारी म्हणजे सरळ सरळ क्लॉकचा मामला आहे.

टिकलेस १ मधलं तयार कोड झोपेचा वेळ सिसटिकवर (कोअरमधल्या टायमरवर) मोजतं. सिसटिक कोअरच्या क्लॉकवर चालतो आणि स्टॉपमध्ये तो क्लॉकच बंद. म्हणजे गजर लावला आणि घड्याळाचा सेल काढून ठेवला. बटण चालतं, कारण एक्स्टीला (पिनवरून येणाऱ्या इंटरप्टला) क्लॉक लागत नाही. (सिसटिक २४ बिटांचा असल्यामुळे ८० मेगाहर्ट्झला तो एका दमात जेमतेम २०९ मिलिसेकंद मोजतो, त्यामुळे लांब झोपेला तो तसाही कुचकामी.)

टिकलेस २ करा आणि 'सप्रेस टिक्स अँड स्लीप' स्वतः लिहा. वेळेसाठी एलपीटिम१ (कमी वीज खाणारा टायमर) घ्या, एलएसईवर. एलपीटिम२ घेऊ नका, या चिपवर तो स्टॉप १ पर्यंतच चालतो. माझं मत विचाराल तर जागेपणी सिसटिक आणि झोपेत एलपीटिम अशी वाटणी करूच नका, दर अदलाबदलीला टिकचा एखादा तुकडा सांडतो. पोर्टमधलं (फ्रीआरटीओएसच्या या प्रोसेसरसाठीच्या भागातलं) टायमर सेटअपचं फंक्शन वीक आहे, म्हणजे त्याच नावाचं आपलं फंक्शन त्याची जागा घेतं. ते ओव्हरराइड करून टिकच एलपीटिम१ वर न्या. त्याच्या इंटरप्टमधून पोर्टचा सिसटिक हँडलर बोलवा आणि इंटरप्टची प्रायॉरिटी सगळ्यात खालची, १५, ठेवा.

हिशेब मात्र नीट करा. ३२७६८ ला १००० ने भागलं की ३२.७६८ येतात. अपूर्णांक सोडून ३२ धरलेत तर घड्याळ २.४ टक्के पुढे पळेल, म्हणजे तासाला जवळपास दीड मिनिट. ०.७६८ म्हणजे ९६ भागिले १२५, म्हणून दर टिकला ३२ मोजा, बाजूला ९६ साठवत जा, साठा १२५ झाला की एक काउंट जास्त द्या आणि १२५ वजा करा. ही कटकट नको असेल तर टिक रेट १०२४ करा, मग बरोबर ३२ बसतात. फक्त एक टिक म्हणजे एक मिलिसेकंद असं गृहीत धरलेलं कोड आधी शोधून काढा.

काउंटर १६ बिटांचा आहे, प्रीस्केलर (क्लॉक भागून संथ करणारा) नसेल तर २ सेकंदांत फिरून शून्यावर येतो. झोपेची मर्यादा त्याच्या थोडी आत ठेवा. २ सेकंदांनी क्षणभर उठून पुन्हा झोपायला फारसा खर्च येत नाही. काउंटर वाचताना दोनदा वाचा आणि दोन्ही आकडे सारखे आले तरच घ्या, कारण तो वेगळ्या क्लॉकवर पळतो. कंपेअर रजिस्टरमध्ये (कोणत्या आकड्याला उठायचं ते ठेवतात तिथे) एकदा लिहिलं की, ते पोचल्याचा सीएमपीओके फ्लॅग येईपर्यंत पुन्हा लिहू नका.

उठल्यावर गेलेले टिक 'स्टेप टिक'ने पुढे सरकवायचे. इथे बरेच जण फसतात: ते फंक्शन फक्त आकडा वाढवतं, डीले संपलेल्या टास्कला रेडी लिस्टमध्ये आणत नाही. पूर्ण वेळ झोप झाली असेल तर अपेक्षित टिकपेक्षा एक कमी सरकवा आणि शेवटचा टिक इंटरप्टमधून येऊ द्या. जास्त सरकवलेत तर कर्नलचा असर्ट (चूक दिसताच प्रोग्राम थांबवणारी तपासणी) लागतो.

आता यूएआरटी. स्टॉपमधून उठल्यावर पीएलएल बंद असतं आणि कोअर एमएसआयवर, म्हणजे तुमच्याकडे ४ मेगाहर्ट्झवर, धावत असतो. वीसपट कमी. ११५२०० चा बॉड ५७६० होतो. स्कोपवर बघा, एक बिट ८.७ ऐवजी साधारण १७४ मायक्रोसेकंदांचा दिसेल. इंटरप्ट पुन्हा उघडण्याआधीच पीएलएल चालू करा, रेडी बिटची वाट बघा, मग सिस्टीम क्लॉक त्यावर वळवा. पीएलएलची सेटिंग्ज तशीच राहतात, त्यामुळे पूर्ण क्लॉक कॉन्फिग बोलवायची गरज नाही. बोलावलंत तर त्यातले टाइमआउट एचएएलच्या टिकवर असतात आणि इंटरप्ट बंद असताना तो टिक हलत नाही. एखादा ऑसिलेटर सुरू झाला नाही तर तिथेच अडकाल.

रजिस्टरवाचक:
वरच्याला एक जोड. स्वतःचं फंक्शन लिहिताना झोपण्याआधी 'टास्क एंटर क्रिटिकल' वापरू नका. ते बेसप्राय (ठराविक प्रायॉरिटीखालचे इंटरप्ट झाकणारं रजिस्टर) लावतं, आणि बेसप्रायने झाकलेला इंटरप्ट डब्ल्यूएफआयला (इंटरप्टची वाट बघत झोपण्याच्या सूचनेला) उठवत नाही. सिसकॉलची (कर्नलची फंक्शनं बोलावणाऱ्या इंटरप्टची) कमाल प्रायॉरिटी ५ ठेवली असेल तर ५ ते १५ सगळे झाकले जातात, एलपीटिमसुद्धा. मग बोर्ड कायमचा झोपतो आणि दोष मात्र क्रिस्टलला दिला जातो.

प्रायमास्क (सगळे इंटरप्ट एकदम रोखणारा बिट) वापरा. तो लावलेला असताना इंटरप्ट आला तर प्रोसेसर उठतो, पण हँडलर चालत नाही, नेमकं तेच हवं असतं. क्रम असा: सीपीएसआयडी आय (प्रायमास्क लावणारी सूचना), मग कर्नलला 'कन्फर्म स्लीप मोड स्टेटस' विचारा, उत्तर अबॉर्ट आलं तर इंटरप्ट उघडून परत फिरा. नाहीतर कंपेअर लावा, स्लीपडीप (गाढ झोपेचा) बिट लावा, मग डीएसबी, डब्ल्यूएफआय, आयएसबी (डीएसबी आणि आयएसबी या आधीचं काम पुरं होईपर्यंत थांबवणाऱ्या सूचना). उठल्यावर स्लीपडीप काढा, क्लॉक लावा, टिक सरकवा आणि सगळ्यात शेवटी सीपीएसआयई आय (प्रायमास्क काढणारी सूचना). विचारणं आणि झोपणं यांच्यात इंटरप्ट आला तरी तो पेंडिंग राहतो आणि डब्ल्यूएफआय लगेच परत येतो, म्हणून घटना हुकत नाही.

त्याच न्यायाने, एचएएलचा टाइमबेस (त्याचा स्वतःचा टिक) टिम६ या टायमरवर असेल तर झोपण्याआधी तो थांबवा. त्याचा एक पेंडिंग इंटरप्ट झोप मोडायला पुरतो.

मायक्रोअँप:
४०० मायक्रोअँपचं बघू. डीबगर काढून बोर्डचा पॉवर पूर्ण बंद करा, पुन्हा चालू करा, मग मोजा. डीबगर डीबीजी स्टॉप बिट लावून ठेवतो, तो लागला की स्टॉपमध्येही क्लॉक चालू राहतात, आणि साध्या रिसेटने तो पुसला जात नाही. न्यूक्लिओ बोर्ड असेल तर मीटर जेपी६ जंपरवर लावा, नाहीतर एसटी-लिंकचा (बोर्डवरच्या डीबगरचा) करंटही मोजला जाईल.

मग पिना. न वापरलेल्या सगळ्या अॅनलॉग मोडमध्ये टाका. आतला पुल-अप (पिन वर ओढून धरणारा रेझिस्टर) सुमारे ४० किलोओहमचा असतो, त्याची पिन बाहेरून खाली ओढलेली असेल तर एकेक पिन ८० मायक्रोअँप खाते. अशा पाच पिना म्हणजे तुमचा आकडा आलाच. आयटूसीवर (सेन्सर जोडायच्या दोन तारांच्या बसवर) ४.७ किलोओहमचे पुल-अप ३.३ व्होल्टला आणि सेन्सरचा पॉवर मात्र तोडलेला, अशी रचना असेल तर पुल-अपमधून सेन्सरच्या आत करंट शिरतो. पुल-अपही त्याच स्विचमागे घ्या.

नोडवाला:
डीबगर काढून पॉवर बंद-चालू केल्यावर करंट ९० मायक्रोअँपच्या आसपास आला. एक पुल-अप शिल्लक दिसतोय, शोधतो. आणखी एक: यूएसएआरटी२ वर बाइट आल्यावर स्टॉप २ मधून उठवता येईल का?

टिकतज्ज्ञ:
यूएसएआरटी२ने नाही, तो स्टॉप १ पर्यंतच उठवतो. स्टॉप २ साठी एलपीयूएआरटी१ (कमी वीज खाणारा यूएआरटी) घ्या. एलएसईवर ९६०० बॉडपर्यंत जातो. त्यापेक्षा वेग हवा असेल तर त्याचा क्लॉक एचएसआय१६ (चिपमधला १६ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर) ठेवा, स्टार्ट बिट दिसताच तो स्वतः ऑसिलेटर मागून घेतो. आरएक्स पिन लटकती ठेवू नका. समोरची केबल निघाली की ती नॉइज उचलते आणि कंट्रोलर दर थोड्या वेळाने विनाकारण उठत राहतो.