अजिंठ्याच्या वाटेवरचे गावातले घर पर्यटकांना मुक्कामासाठी द्यायचे आहे : नोंदणी नेमकी कशाखाली करावी?

नमस्कार. जळगाव जिल्ह्यात जामनेर तालुक्यात, पहूरपासून जवळच्या एका गावी आमचे वडिलोपार्जित धाब्याचे, म्हणजे सपाट मातीच्या छताचे, घर आहे. मी आणि धाकटा भाऊ नोकरीमुळे जळगावला राहतो. लगतच्या घरात काका-काकू राहतात आणि दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीत पूर्वापार एक दार आहे. या घरातल्या तीन खोल्या अजिंठा लेणी पाहण्यास येणाऱ्यांना एक-दोन रात्रींसाठी भाड्याने द्याव्यात, असा आमचा विचार आहे. जळगाव स्थानकावर उतरून लेण्यांकडे जाणारे पुष्कळ असतात, परंतु ते मुक्काम एकतर जळगावात करतात किंवा थेट लेण्यांजवळच्या फर्दापूरला. मधल्या पट्ट्यात घरगुती सोय फारशी नाही.

अडचण अशी की आमचे घर कोणत्याच चौकटीत सरळ बसत नाही. पहिला पर्याय पर्यटन संचालनालयाच्या निवास-न्याहारी योजनेचा. या प्रकारच्या योजनांचा गाभाच असा की मालक कुटुंबासह त्याच घरात राहतो आणि उरलेल्या खोल्या पाहुण्यांना देतो. केंद्राच्या ‘इन्क्रेडिबल इंडिया’ योजनेतही किमान एक व जास्तीत जास्त सहा खोल्या, म्हणजे बारा खाटा, ही मर्यादा असून मालकाचे वास्तव्य ही अट आहेच. आमच्याकडे खोल्यांचा प्रश्न नाही, वास्तव्याचा आहे. ग्रामपंचायतीच्या घरपट्टी आकारणीच्या नमुना 8 उताऱ्यावर दोन्ही घरे अजून आजोबांच्या नावावर एकाच मिळकत क्रमांकाखाली आहेत. अशा स्थितीत काका हे सहहिस्सेदार म्हणून ‘राहते मालक’ ठरतील का? की आधी वारसनोंद करून, आत्यांसह सर्वांची संमतिपत्रे घेऊन, अर्ज काकांच्याच नावे करणे श्रेयस्कर? माझे मत दुसऱ्या मार्गाकडे झुकते, कारण रात्री दोन वाजता पाहुण्याच्या खोलीतील दिवा गेला तर धावणार काकाच आहेत. परंतु वारसनोंद झाल्यावर मिळकतीची विभागणी होऊन दोन क्रमांक पडले, तर हाच मुद्दा उलटेल, अशी भीती वाटते.

दुसरा पर्याय 2020 च्या राज्य कृषी पर्यटन धोरणाचा. शेतजमिनीची किमान एक एकराची अट आम्ही पूर्ण करतो, कारण काकांच्या नावे कापूस आणि केळीची शेती आहे. मात्र शेत गावापासून दीड किलोमीटरवर आणि राहण्याची जागा गावठाणात. शेत एका ठिकाणी व निवास दुसऱ्या ठिकाणी असताना कुणाला कृषी पर्यटन केंद्राचे प्रमाणपत्र मिळाले आहे का, हे जाणून घ्यायचे आहे. शेतात नवे बांधकाम करण्याची आमची तयारी नाही आणि खरे सांगायचे तर केळीच्या बागेत कॉंक्रीटच्या खोल्या उभारून त्याला कृषी पर्यटन म्हणणे मला पटतही नाही.

ग्रामपंचायतीत चौकशी केली असता आम्हाला ‘लॉजचा परवाना आणा’ असे तोंडी सांगण्यात आले. कोणत्या नियमाखाली, हे लेखी मिळाले नाही. घरपट्टीची आकारणी निवासी दराऐवजी व्यावसायिक दराने होईल, हे मी गृहीत धरले आहे आणि त्याला माझी हरकत नाही. पण ना-हरकत दाखला कोणत्या मजकुराचा मागावा, याचा नमुना कुणाकडे असल्यास फार उपयोग होईल. धाब्याचे घर असल्याने बांधकाम सुस्थितीत असल्याचा अभियंत्याचा दाखला मागतात का, हेही सांगावे. सागाच्या तुळया भक्कम आहेत आणि दर पावसाळ्याआधी छतावर खारी (पाणी झिरपू न देणारी खारट माती) टाकली जाते, परंतु कागदावर हे ‘कच्चे घर’ म्हणूनच नोंदलेले आहे.

परदेशी पाहुणे येतील, हे अजिंठ्यामुळे धरूनच चालावे लागते. त्यांच्या आगमनापासून 24 तासांच्या आत त्यांच्या माहितीचा ऑनलाइन फॉर्म (पूर्वीचा ‘सी’ फॉर्म) भरावा लागतो आणि जिल्ह्यात पोलीस अधीक्षक हेच परदेशी नागरिक नोंदणी अधिकारी असतात, एवढे माहीत आहे. त्यासाठी पोर्टलवर आधी निवासस्थानाचे खाते उघडावे लागते. ते मंजूर होताना पर्यटन विभागाचे प्रमाणपत्र विचारतात की ग्रामपंचायतीचा दाखला पुरतो?

जीएसटीविषयी उत्तर देण्याचे कष्ट घेऊ नयेत. उलाढाल 20 लाखांच्या पुष्कळ खाली राहील आणि नोंदणी नसलेल्या घरमालकाची खोली बुकिंगच्या संकेतस्थळावरून गेली तर त्यावरील कर संकेतस्थळच भरते. विजेचे मात्र विचारतो. घरातूनच छोटा व्यवसाय चालत असेल आणि वापर महिन्याला 300 युनिटच्या आत असेल, तर घरगुती दर कायम राहतो, अशी तरतूद आहे. एप्रिल-मे मध्ये कूलर आणि पंप चालला की आकडा ओलांडला जाईल, म्हणून त्या दोन महिन्यांत खोल्या बंदच ठेवाव्यात, असे काकांचे म्हणणे आहे. तसेही त्या उन्हात कोण येणार!

काकू वरण-बट्टी आणि भरीत-भाकरी करून वाढणार आहेत, त्यामुळे अन्नसुरक्षेची नोंदणी त्यांच्या नावे करावी असे ठरवले आहे. महिलांसाठीच्या ‘आई’ पर्यटन धोरणात 15 लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याज-परतावा मिळतो. संपूर्ण उपक्रमच काकूंच्या नावे केला तर तो लाभ मिळेल, पण मिळकतीच्या उताऱ्यावर त्यांचे नाव नाही. यावर भाडेकरार किंवा संमतिपत्र चालते का?

नाशिक विभागातून ज्यांनी अशी नोंदणी प्रत्यक्ष केली आहे, त्यांनी तपासणीसाठी कोण आले आणि काय काय पाहिले, एवढे तरी अवश्य लिहावे. ऑक्टोबरपासून पर्यटक वाढतात, त्यापूर्वी अर्ज दाखल करायचा आहे.